अंबाडीचा लाल चहा

डॉक्टरनं माझा चहा बंद केला तेव्हापासून मी माणसांत राहिले नाही, असं घरचे म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. आमगावच्या शाळेत दिवसभर पोरांच्या डोक्यात पाढे घालायचे आणि घरी येऊन आलं ठेचून केलेला, दाट दुधाचा, गोड चहा प्यायचा, एवढीच माझी चैन होती. रक्तात साखर निघाली आणि तीही गेली. त्यामुळे दिवाळीत मुलाकडे पुण्याला गेले असताना सुनेनं काचेच्या पेल्यात लालभडक पाणी आणून समोर ठेवलं, तेव्हा मी तोंड वाकडं केलं.

"आई, घ्या तर खरं. बिनसाखरेचा आहे, सेंद्रिय आहे. शिवाय फेअर ट्रेड आहे," सून म्हणाली.

"ते काय असतं?"

"म्हणजे पिकवणाऱ्या बायकांना वाजवी भाव मिळतो. मधे कुणी दलाल नसतो."

पुण्यात चहाबरोबर पुण्यही विकतात, असं मनात म्हणत मी घोट घेतला. आणि जिभेवर आंबट लागल्याबरोबर मला हसूच फुटलं. अंबाडी! आमच्याकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, तूर लावतात आणि तुरीच्या आडोशाला अंबाडी. तिच्या पाल्याची भाजी, लाल बोंडांची चटणी, देठाच्या सालीची दोरी. माझी आई लाल मिरची आणि मीठ घालून ती बोंडं पाट्यावर वाटायची आणि आम्ही भाकरीवर घेऊन सी-सी करत खायचो. तिला इथं काचेच्या पेल्यात बसवून एवढा मान! मी पुडा हातात घेऊन उलटा केला. मागं माझ्या माहेरच्या गावाचं नाव होतं. तालुका देवरी, जिल्हा गोंदिया.

चिचगडच्या पुढं, जंगलाला लागून असलेलं ते गाव. बसमधून उतरल्यावर अजून बराच रस्ता चालावा लागतो. त्या गावाचं नाव छापलेलं मी मतदार यादीशिवाय कुठं पाहिलं नव्हतं. मी तिथूनच वहिनीला फोन लावला. माझा भाऊ गेल्यापासून माहेरी ती आणि तिची मुलगी, दोघीच.

"हो बाई, आमीच करतो थो चाय. बचत गटाच्या बाया मिळून," ती म्हणाली.

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

"तुमी कई इचारलं?"

आमची वहिनी अशीच. बोलणं कुऱ्हाडीनं तोडल्यासारखं. पण खरं तेच बोलली होती. मी सणावाराला फोन करायचे, तब्येत विचारायचे, पोरीचा अभ्यास विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

डिसेंबर लागला तसा एका रविवारी मी माहेर गाठलं. धान कापून झालं होतं. बांध्या रिकाम्या होत्या आणि धुऱ्यांवर अंबाडीची झाडं लाल झाली होती. समाजमंदिरात गटाच्या बायका गोल करून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात लोखंडी नळीचा तुकडा. बोंड धरायचं, देठाकडून नळी दाबायची, आतला बियांचा गोळा बाहेर, लाल पाकळ्यांचा पेला शाबूत. मी दोन-चार करून पाहिली तर पेल्याच्या चिंध्या झाल्या. "बाई, तुमी खडूच धरा," एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या खो-खो हसल्या. त्या गावात बायकांना कामावर इतकं हसताना मी याआधी पाहिलं नव्हतं.

चहाचा हा धंदा नागपूरच्या एका नवराबायकोचा. चांगल्या नोकऱ्या सोडून दोघांनी हा उद्योग काढला होता. लहानच, घरातल्या एका खोलीतून चालणारा. माल इथं येऊन घेऊन जायचे, भाव आधी ठरवायचे, आणि ठरवलेला भाव मालाच्या दिवशी बदलायचे नाहीत. आमच्या भागात हे शेवटचं ऐकून माणूस आधी संशयच घेतो. बायकांनीही घेतला होता. पण दोन हिवाळे तसंच घडलं, तेव्हा विश्वास बसला. या साली त्यांना परदेशातून मागणी आली होती. एवढा माल कधीच गेला नव्हता.

दुपारी जेवताना वहिनी म्हणाली, "बाई, या साली मी मिरचीले नाई जाणार."

तिच्यासाठी हे वाक्य केवढं मोठं होतं, ते सांगायला हवं. धान निघालं की आमच्या गावाला काम उरत नाही. संक्रांत झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि बायका, माणसं, पोरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथं शेतातच ताडपत्रीच्या झोपड्या. दिवसभर मिरची तोडायची, हातांची आग होते म्हणून रात्री ओल्या फडक्यात हात गुंडाळून झोपायचं, आणि होळीच्या सुमारास परत यायचं. वहिनीचा उजवा हात मागच्या साली जो सुजला तो पूर्ण उतरलाच नव्हता. मूठ वळत नव्हती. घास घेताना ती बोटांच्या टोकांनी भात उचलायची.

पण हातासाठी ती थांबली नसती. थांबत होती ती मुलीसाठी. पोरगी बारावीला होती. दर हिवाळ्यात एक तर ती आईबरोबर मिरचीला जायची नाही तर शेजारच्या घरी राहायची, आणि दर उन्हाळ्यात बुडालेला अभ्यास उपसत बसायची. तरी पोरगी हुशार. नर्सिंगला जायचं म्हणत होती. बारावीची परीक्षा बरोबर मिरचीच्या मोसमात येते. "पोट्टी परीक्षेहून येईन अना मी घरी राहीन. गरम भात वाढीन तिले. एवढंच पायजे मले," वहिनी म्हणाली. मी मान खाली घालून जेवत राहिले. आयुष्यात माणसानं एवढंच मागावं, आणि तेही मोठं मागणं वाटावं, याचा मला राग आला होता.

जेवण झाल्यावर ती मला वाळवण दाखवायला घेऊन गेली. मागच्या साली बायकांनी बोंडं बांबूच्या तट्ट्यांवर वाळवली होती. मालात बांबूच्या काड्या आणि माती निघाली, तेव्हा नागपूरच्या बाईनं समजावून सांगितलं होतं. माल जमिनीला लागू देऊ नका, खालून वारा लागला पाहिजे, माशी बसता कामा नये, आणि ज्याच्यावर वाळवाल ते कापड कोरं स्वच्छ असू द्या. बायकांनी ते अक्षरशः मनावर घेतलं. समाजमंदिरामागच्या अंगणात ओळीनं खाटा मांडलेल्या, खाटांवर पांढऱ्याशुभ्र मच्छरदाण्या ताणून बांधलेल्या, त्यांच्यावर लाल बोंडं पसरलेली, आणि वरून पुन्हा मच्छरदाणीचा पदर. खालून वारा, वरून ऊन, माशीला वाव नाही. युक्ती वहिनीची. सरकारी दवाखान्यातून घरोघरी मच्छरदाण्या वाटतात. जुन्या फाटक्या अंगावर घेऊन बायका झोपत होत्या आणि यंदाच्या कोऱ्या त्यांनी ट्रंकेतून काढून चहाला दिल्या होत्या.

"वा ग वहिनी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? इतकं देखणं वाळवण मी जन्मात पाहिलं नव्हतं. नागपूरच्या नवऱ्यानं तर त्याचे फोटो काढून नेले होते. पुढं सुनेनं तोच फोटो मला मोबाईलवर पाठवला, चहाच्या जाहिरातीत आलेला. पांढऱ्या जाळीवर लाल बोंडं. तिनं खाली लिहिलं होतं, "आई, तुमचं माहेर!" मी तो शाळेत सगळ्यांना दाखवला. मुख्याध्यापकांनी तर चहाचे दोन पुडे मागवून द्या म्हटलं.

संक्रांतीच्या आधी वहिनीचा फोन आला. ती आपण होऊन कधी फोन करत नाही, म्हणून नाव पाहताच मी हातातलं काम टाकून फोन उचलला.

"बाई, चायात औषध निघालं म्हणते."

"कसलं औषध?"

"किडे मारायचं. तपासणीत निघालं. माल नाई घेत बाहेरचे."

अंबाडीवर आमच्याकडे कुणी फवारत नाही. फुकटच्या झाडाला कोण औषध घालणार? बायकांना संशय आला तो शेजारच्या शेतकऱ्याचा, कारण तो धानावर फवारा मारतो आणि त्याची बांधी गटाच्या धुऱ्याला लागून. त्याच्या दारात जाऊन बायकांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. चिडून त्यानं धुऱ्यावरची अंबाडी दुसऱ्या दिवशी उपटून टाकली. पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटून घेतलेली ही माणसं, एकाच तलावाची पाळ सगळ्यांनी मिळून बांधलेली. आता एकमेकांच्या दारासमोरून मान फिरवून जात होती.

नागपूरचे नवराबायको येणार कळलं तशी मीही गेले. समाजमंदिरात सगळ्या जमल्या. नवरा बोलत होता, हिंदी-मराठी मिसळून, पण आवाज बसलेला. बायको शेजारी बसली होती. "दीदी लोग, हम किसी को दोष नहीं दे रहे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "कुठून आलं तेवढं कळलं पाहिजे. कोणतं औषध आहे ते त्यांनी सांगितलंय." त्यानं औषधाचं नाव घेतलं. लांबलचक, इंग्रजी. बायकांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मलाही काही कळलं नाही.

उमटलं ते आशाताईच्या चेहऱ्यावर. गावची आरोग्य स्वयंसेविका, कुणाला ताप आला की रक्त तपासायला घेणारी, गोळ्या देणारी ती हीच, आणि गटातही होतीच. सगळ्यांबरोबर बसून तीही नळीनं बिया काढायची. ती उठून उभी राहिली, खाली बसली, पुन्हा उभी राहिली.

"थे तं मच्छरदाणीचं औषध हाय," ती म्हणाली. "तेच नाव. मीच वाटल्या बाप्पा. डास बसला का मरते त्याच्यावर."

मच्छरदाणीला औषध असतं हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. वाटताना आशाताईनं घरोघरी सांगितलं होतं. धुऊ नका, उन्हात घालू नका, औषध जाते. डासाला मारते, माणसाला काही होत नाही. बायकांनी यातलं शेवटचं वाक्य लक्षात ठेवलं होतं. माणसाला काही होत नाही, मग माणूस पितो त्या चहाला काय होणार? आणि मी, शिकलेली, दाखवायला नेलं तेव्हा तिथं उभी होते. तो फोटो काढणारा, तोही इंजिनिअर. आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. घरात जे सगळ्यात कोरं, सगळ्यात पांढरं होतं, तेच बायकांनी चहाला दिलं होतं.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं नागपूरच्या बाईकडे पाहून विचारलं, "ताई, त्याच्यात आमचे लेकरं झोपते ना? रातभर झोपते. चाटते बी जाळी, लहान लेकरू. मग थे चालते अना चाय कायले नाई चालत?"

त्या बाईनं तोंड उघडलं. मला वाटलं काही तरी सांगेल, प्रमाण, मर्यादा, परदेशाचे कायदे. तिनं ओढणी डोळ्यांना लावली. सरकार खोटं बोललं नव्हतं. तपासणारेही खोटं बोलले नव्हते. डासांनी आणि तापानं गावाची माणसं नेली होती, म्हणून त्या मच्छरदाण्या आल्या होत्या. कुणावर तोंड सोडायला जावं तर समोर कुणीच वाईट नव्हतं. मला भांडायला माणूस लागतो. तिथं तोही नव्हता.

नवराबायकोंनी शक्य तेवढं केलं. झालेल्या कामाचं काही तरी देऊन गेले, ते घेताना बायकांच्याच माना खाली. पण परदेशची मागणी गेली, सेंद्रियचं प्रमाणपत्र गेलं, आणि ते परत मिळेपर्यंत त्यांचा धंदा टिकेल की नाही हे त्यांनाच सांगता येत नव्हतं. जाताना नवरा म्हणाला, "हा माल कुणी पिऊ नका, गुरांनाही घालू नका." मग त्याच संध्याकाळी बायकांनी गावाबाहेर खड्डा केला आणि पोती उलटी केली. कोरडी बोंडं हलकी असतात, पडतानाही आवाज करत नाहीत. म्हातारीनं वरून माती लोटली. कुणी रडलं नाही. मला रडू येत होतं, पण रडायचा माझा काय हक्क होता?

शेजारच्या शेतकऱ्याकडे वहिनी एकटी गेली आणि पाया पडून आली. त्यानं दार उघडलं, ऐकून घेतलं, पुन्हा लावून घेतलं.

मुकादमाची गाडी येणार होती. मी वहिनीला म्हटलं, "जाऊ नको. या साली मी बघते काय ते." तिनं ऐकूनही घेतलं नाही. "बाई, एक साल कोणी बी पुरवते. दुसऱ्या साली का करू?" मग मी म्हटलं, निदान पोरीला माझ्याकडे दे. आमगावला राहील, अभ्यास करील, परीक्षेपुरती मी तिला इथं कॉलेजला घेऊन येईन. यावर मात्र तिनं मान डोलावली. तिला घरी राहून वाढायचा होता तो गरम भात आता माझ्या हातचा असणार होता. पण परीक्षा होणार होती, आणि तेवढ्यावर तिनं समाधान मानलं. पोरीनं आपली पुस्तकं पिशवीत भरली. मी म्हटलं, चला, एक तरी गोष्ट या गावातून वाचवून नेते.

सकाळी गाडी तलावाच्या पाळीजवळ थांबली. बायका आपापली गाठोडी टाकून चढत होत्या. वहिनी चढायला गेली तर तिच्या उजव्या हातानं दांडा धरवेना. तिनं डावा हात लावला, पाय घसरला. खालून पोरीनं तिला कमरेला धरून वर ढकललं. वहिनी आत बसली, आणि तिच्या पाठोपाठ पोरगीही चढली. पुस्तकांची पिशवी माझ्या पायाशी ठेवलेली होती.

"उतर," वहिनी म्हणाली.

"नाई."

"उतर म्हणतो तं! आत्यासंग जाय."

"तुले एक हात हाय. एका हातानं का तोडशील? तुले मुकादम ठेवते का?" पोरगी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "परीक्षा पुढच्या साली बी होते."

वहिनीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग दुसरा घातला. डाव्या हाताचे ते धपाटे, लागलेही नसतील. पोरगी हलली नाही. बाकीच्या बायका दुसरीकडे पाहू लागल्या. मुकादमानं गाडी सुरू करायला सांगितली. तेव्हा वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. भाऊ गेला तेव्हाही नाही.

"बाई," ती म्हणाली, "तिले उतरवा ना."

मी पुढं झाले. पोरीचं मनगट धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं. तिनं गाडीचा दांडा धरून ठेवला होता, आणि तिची पकड माझ्यापेक्षा घट्ट होती.